डिस्चार्ज कार्डाशिवाय

सोमवार, ४ ऑगस्ट
आज सकाळी ठीक दहा वाजून वीस मिनिटांनी वसतिगृहाच्या कारकुनाने माझ्या आजारी नातीला फाटकाबाहेर उभं ठेवलं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. बाकी दिवस आनंदाचा. निवृत्तीनंतर सहा वर्षं लेकीच्या घरी भाज्या निवडल्या. आजपासून मी कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. खोली उजेडाची, टेबल भक्कम, कपाटाला किल्लीसुद्धा आहे. नात याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. महिनाभर मेंदूज्वराने परगावी इस्पितळात होती. पुढच्या आठवड्यात सोडणार होते, पण आज पिशवी घेऊन एकटीच आली. कारकून म्हणे, इस्पितळातून परतलेल्या मुलीला डिस्चार्ज कार्ड पाहिल्याशिवाय आत घेत नाहीत. मी म्हटलं, नियम माणसांसाठी असतात, तुमच्यासारख्या खांबांसाठी नव्हे. परतीच्या वहीत ‘हजर’ लिहून मीच सही केली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर; कारकून बघतच राहिला.

मंगळवार, ५ ऑगस्ट
न कळवता पोरीला पाठवल्याबद्दल झापायला लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, पाठवली कुठे? माझ्यासमोर झोपलीय." काल सकाळी ताप पुन्हा चढला आणि साडेदहाच्या आत शुद्ध हरपली म्हणे. मी वळून पाहिलं. नात माझ्या खाटेवर दूध पीत होती. हेही लेकीला सांगितलं. तिला वाटतंय, म्हातारीला चळ लागला.

बुधवार, ६ ऑगस्ट
लेकीने फोटो पाठवला. नाकात नळी, पण चेहरा तोच. इथे हिच्या कानामागचा तीळही तोच. लहानपणी माझा चष्मा तांदळाच्या डब्यात लपवला होता, ते आठवून हसली. हात मात्र गार. चार पोळ्या खाल्ल्या.

गुरुवार, ७ ऑगस्ट
इथे गाल भरतात, तिथे वजन उतरतं. शेवटी सरळ विचारलं, तू कोण? रडायला लागली. म्हणाली, "मला माहीत नाही गं, आजी. मी फाटकाशी उभी होते, तू आत घेतलंस. मला परत नको पाठवूस."
मी तिची वेणी घालून दिली. दुसरं काय करणार होते?

शुक्रवार, ८ ऑगस्ट
वहीतली ओळ खोडायला गेले. एकच अक्षर कापलं — वर माझ्या खोलीत ही किंचाळली. तेवढ्यात लेकीचा फोन. तिथे इस्पितळात पोरीने बोटं हलवली. कारकुनाने वही ओढून कपाटात कुलूपबंद केली. सही झालेली नोंद प्राचार्यांच्या लेखी हुकमाशिवाय खोडता येत नाही म्हणे. मेल्याला नियम पाठ. सोमवारीही पाठच होता.
बोटं पुन्हा थांबली.

शनिवार, ९ ऑगस्ट, दुपार
डॉक्टर म्हणतात, तिथली पोर उद्या दुपारपर्यंतच काढेल. प्राचार्य भेटत नाहीत. पत्राचा मसुदा इथेच करते —

चूक कारकुनाची नाही, माझी. माझी नोंद खोडण्याचा हुकूम —

ती मागे उभी आहे. वाचतेय. रडत नाही. विचारते, मी काय केलं, आजी?
काही नाही, बाळ. काहीच नाही केलंस तू —

माझा हात धरलाय. गार —

लेखी उत्तर उद्या सकाळी दहाच्या आत मिळालं पाहिजे. न मिळाल्यास मी स्वतः हिला फाटकाबाहेर —