क्रँकशाफ्टच्या दाढा

ती. दादांस,

ऑइलच्या हातांनी साष्टांग नमस्कार. (कागदाच्या कोपऱ्यांवरचे काळे ठसे माझेच आहेत, घरातल्या दुसऱ्या कुणावर संशय नको.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा चष्मा सापडला का? आणि तुमच्या दाढेचं काय झालं? परवा फोनवर तुम्ही तोंडाच्या एकाच बाजूने बोलत होता, असं तुमच्या बहिणीचं म्हणणं आहे. (हे तिला फोनवरून कसं कळतं, ते मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही. दातांच्या डॉक्टरांची मुलगी, दुसरं काय.) इकडे सगळे मजेत. बाबांची भूक चांगली आहे, हात थरथरतात तसेच थरथरतात. तुम्ही महिनाअखेरीस येऊन बाबांना कायमचे तुमच्याकडे नेणार, त्यांचं तिकीटही काढलंत, हे समजलं. "असे हात घेऊन बाबांनी त्या हत्यारांच्या पसाऱ्यात बसायचं, हे मला पटत नाही," हे तुमचं वाक्य तिने मला वाचून दाखवलं. दोनदा. त्यावर मी जावई असल्यामुळे काहीही बोलणार नाही. हे पत्र निव्वळ जीपबद्दल आहे.

जीप महिनाअखेरीस तयार असेल असं मी म्हटलं होतं. ती तोवर का होणार नाही, हे तुम्हाला नीट कळायला हवं. बाबा पूर्वी मागे घडीची खुर्ची आणि पायाने चालवायचं ड्रिल टाकून, रस्ता संपेल त्याच्याही पुढे चिखलातून याच जीपने जायचे आणि तिथल्या लोकांचे दात बघायचे. हात थरथरायला लागले तसा त्यांनी दवाखाना बंद केला. जीप ताडपत्रीखाली गेली आणि बाबा वर्तमानपत्राखाली. दोघांनाही बाहेर काढावं म्हणून मी इंजिन खोललं. (तुमची बहीण म्हणते, रविवारी माळे साफ करायला लागू नयेत म्हणून खोललं. दोन्ही खरं असू शकतं.) चारही पिस्टन एकाच वजनाचे हवेत, नाहीतर इंजिन हादरतं, म्हणून मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले आणि जड होते ते आतून कानशीने घासले. तेव्हापासून आमच्या साखरेला किंचित गॅरेजची चव आहे. बाबांना मी टॉर्च धरायला दिला होता. पण उजेड असा नाचायला लागला, की मला कुठला नट धरायचा आणि कुठला सोडायचा ते कळेना. शेवटी म्हणालो, "बाबा, तुम्ही बसा, मी बघतो." बाबा बसले. (हे वाक्य आपण सगळेच त्यांना म्हणतो. तुम्हीही म्हणता.)

आता क्रँकशाफ्ट. पिस्टनांचं वरखाली नाचणं चाकाच्या गोल फिरण्यात बदलतो, तो इंजिनाच्या पोटातला वाकडातिकडा लोखंडी दांडा. तो फिरताना एका अंगाला जड असेल तर सगळी गाडी थरथरते. त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे तोलमास्तर म्हणतात. ते शाफ्ट यंत्रावर गरगर फिरवतात, कुठे जड आहे ते काट्यावर बघतात आणि तिथे ड्रिलने भोकं पाडून लोखंड काढून टाकतात. भोकं दिसायला वाईट दिसतात, पण सगळा तोल त्या भोकांतच असतो. तोललेला शाफ्ट मी घरी आणला, जुन्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि रॉकेलने बाकीचं इंजिन धुवायला बसलो. बाबा टेबलापाशी पाठमोरे बसून काहीतरी करत होते. मला वाटलं, पुसताहेत. बरं वाटलं. (एका शब्दाने त्यांनी विचारलं असतं, तर हे पत्र अर्ध्या पानात संपलं असतं.)

इंजिन जुळवलं, बसवलं, सुरू केलं. दादा, माझा चष्मा नाकावरून उतरून शर्टाच्या खिशात गेला. बोल्टांचा डबा फळीवरून चालत चालत कडेला आला, क्षणभर थांबला आणि त्याने खाली उडी टाकली. शेजारीण गच्चीतून विचारायला लागली, "विहीर खणताय का हो?" बाबा शांतपणे म्हणाले, "पूर्वी एवढी हलत नव्हती."

मी सगळं पुन्हा खोललं आणि शाफ्ट काखेत मारून तोलमास्तरांकडे भांडायला गेलो. बाबा म्हणाले, मीही येतो, पेशंट बघतो. मी दारातूनच आवाज चढवला. मास्तरांनी मला बसायला स्टूल दिलं, शाफ्ट उजेडात धरला, त्यावरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"साहेब, मी पाडलेली भोकं कुठायत?"

"म्हणजे?"

"म्हणजे भोकं. इथे होती. आता नाहीयेत."

आणि माझ्या मागून बाबांचा आवाज आला. कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता असा, दवाखान्यातला. "कीड होती. पार खोल गेली होती. वेळेवर लक्षात आली म्हणून बरं. चांदी भरली आहे सगळीकडे."

दवाखान्याच्या कपाटात उरलेली सगळी चांदी, दादा! घासूनपुसून अशी चकचकीत बसवली होती, की मास्तरांच्या नखालाही कड लागत नव्हती. मास्तर अंगाने मोठे आणि बोलायला मऊ. ते म्हणाले, "डॉक्टर, ती कीड मीच लावली होती."

घरी आल्यावर बाबांनी हातपाय धुतले. जेवले आणि वर्तमानपत्र उघडून त्याच्या आड गेले. तुमची बहीण माझ्याकडे असं बघत होती, जणू चांदी मीच भरली. मी नवा शाफ्ट शोधायची तयारी केली. सकाळी उठून बघतो तर बाबा टेबलापाशी पांढरा कोट घालून उभे, शेजारी ते पायाने चालवायचं ड्रिल. म्हणाले, "भरण्यापेक्षा काढणं नाजूक. खालच्या लोखंडाला ओरखडा जाता कामा नये. हे दुसऱ्या कुणाला मी देणार नाही. तुम्ही पाय मारा." मग मी पाय मारत बसलो. (तो गुडघ्यांचा व्यायाम आहे. तुम्हाला चालेल का, डॉक्टरांना विचारा.) त्यांचा हात हवेत होता तोवर थरथरत होता. मग त्यांनी करंगळी शाफ्टवर टेकवली आणि हात थांबला. शेगडीवरून भांडं उतरवलं की आतलं पाणी थांबतं तसा. मी पाय मारायचं विसरलो, तर ओरडा बसला. मध्येच सवयीने त्यांनी शाफ्टला विचारलं, "दुखतंय का?" एक दाढ झाली की ते त्याला फडक्यात गुंडाळायचे आणि पुढची वेळ द्यायचे. एका बैठकीत सगळं करायचं नसतं म्हणे. म्हणून उशीर झाला, दुसरं काही कारण नाही. काल मास्तरांनी शाफ्ट फिरवला आणि काटा जागचा हलला नाही. आज इंजिन बसवतो आहे. बाकी पत्र्याचं काम आणि रंग राहिलेत, ते तुम्ही येईपर्यंत होणार नाहीत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. काहीही बोलणार नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडून वाचावं. तुमच्या घरी बाबांना वेगळी खोली आहे, लिफ्ट आहे, खिडकीतून बाग दिसते. फक्त करंगळी टेकवायला काही नाही. त्यांचं तिकीट रद्द करा. तुमचं राहू द्या.

दुसरा ता. क. दादा, मी लिहितेय. ह्यांनी पाकीट डकवायच्या आत मी पत्र वाचलं. बाबांनी विचारलं नाही, हे साफ खोटं. मी दारातच उभी होते. बाबांनी नीट विचारलं, "जावईबापू, हे भरून टाकू का?" ह्यांचं डोकं इंजिनात. हे म्हणाले, "भरा, भरा, काठोकाठ भरा." ह्यांना वाटलं, रॉकेलचा डबा. तिकिटाचं मात्र ह्यांचं बरोबर आहे. इंजिन बसलं, आत्ताच सुरू केलंय. बाबांना दोन ओळी लिहायच्यात, म्हणून खाली जागा सोडते.

चिरंजीवास अनेक आशीर्वाद. गोड खाल्लं की कळ येते ना? म्हणजे बाहेर कुठेतरी भरून घेतलेली चांदी निघाली आहे. मी हत्यार लावणार नाही, नुसती दाढ बघेन आणि कुणाकडे जायचं ते सांगेन. तेव्हा न्यायला येऊ नकोस, दाखवायला ये. इंजिन चालू ठेवून बॉनेटवर कागद धरून लिहितो आहे. अक्षर हललं आहे ते माझ्या हातामुळे. गाडी हलत नाही.