बंपरची भेग

अनसिंग, गुरुवार, संध्याकाळ

अजून विश्वास बसून नाही राह्यला. आमच्या गॅरेजात प्लास्टिकचा फुटका बंपर म्हणजे मागं नेऊन जाळायचा, हीच रीत. धूर थेट शेजारच्या वैशालीच्या गच्चीवर. काल तिनं सुनावलं, "धुतलेले कपडे काळे करतं, अन् वरून मले पाहून हसतं?" मी भडकलो, "मंग दुसरा रस्ता सांग ना!" काहून बोललो असा? आता ती पाहील तरी का माझ्याकडं?

आज जीपचा बंपर आला. गॅरेजवाल्या रहीमचाचाले म्हटलं, हा जाळायचा नाही. "कॉलेज सोडलं, आता जाळणंबी सोडतं काय, मजनू?" चाचा हसले, पण जुन्या बंपरची पट्टी कापून दिली. तापल्या सळईनं ती भेगेत वितळवत गेलो. दोन्ही काठ मधासारखे एकजीव झाले! घासलं, रंग मारला. बोट फिरवलं, भेग कुठं गेली? मीच बुजवली अन् मलेच सापडेना.

दिवस मावळता वैशाली कपडे काढायले गच्चीवर आली. आमच्या मागच्या जागेकडं पाहत उभी राह्यली. धूर नव्हता. कपडे तसेच ठेवून खाली गेली.

पांढरी ओढणी अजून दोरीवरच आहे.