पोटावरचे डाग

४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं रक्त तपासणीला माझ्याच टेबलावर आलं. इंजेक्शन घेतल्यावर चार तासांनी काढलेलं, असं चिठ्ठीवर वहिनीच्या अक्षरात लिहिलंय. त्यात औषधाचा मागमूस नाही. मशीन बिघडलं असेल म्हणून तीनदा लावून पाहिलं. मशीन धडधाकट आहे. खोटारडा तू आहेस.

किडनीतली कॅन्सरची गाठ काढली, मग पायात रक्ताची गुठळी झाली, म्हणून डॉक्टरांनी सहा महिने रोज रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन सांगितलं. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बसल्या जागी जातो. आणि दुसरं, जे पाहून मला रोज शिसारी येते: कॅन्सरची पेशी रक्तात सुटली की रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तिला चिकटून पांघरूण घालतात. पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशींना ती दिसत नाही, आणि चोर आरामात दुसरं घर बघतो. जखम बुजवायला ठेवलेल्या ह्याच, चोराला दडवतात! इंजेक्शनने ते पांघरूण निघतं का, याची अजून कुणाला खात्री नाही. गुठळीचं मात्र नक्की आहे.

वहिनीही तुझ्यावर पांघरूण घालतेय का? मला तुम्हा दोघांचा वीट आलाय. उलटटपाली लिही. राग आहे तितकाच जीवही आहे, तो असाच राहू दे.

तुझी,
चिमी


९ ऑगस्ट

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीला बोल लावू नकोस. ती दाराबाहेरून विचारायची, टोचलं का. मी हो म्हणायचो आणि रिकामी सुई तिच्या हातात ठेवायचो. औषध मोरीत जायचं.

कारण ऐकून हसशील. चाळीस वर्षं लोकांची गटारं उपसली, नाकाला कधी रुमाल लावला नाही. पण पहिल्या महिन्यात टोचून टोचून पोट काळंनिळं पडलं, नासक्या फळासारखं, आणि माझीच मला किळस आली. शर्ट काढवेना. ही जवळ आली की कूस बदलायचो.

काल तुझं पत्र हिनेच आधी फोडलं. मग डॉक्टरांना फोन करून सगळं खरं सांगितलं, हात धुऊन आली, शर्ट वर करायला लावला आणि स्वतः टोचलं. जुन्या डागांवरून हात फिरवत म्हणाली, यापेक्षा तुमचे कामाचे बूट जास्त ओंगळ आहेत. तिला किळस आली नाही गं. मला आली, पण पोटाची नव्हे. जन्मभर दुसऱ्यांचे पाइप मोकळे केले, आणि स्वतःचं रक्त वाहतं ठेवणारं औषध पाइपात ओतलं.

पुढचं रक्त सोमवारी पाठवतो. चिठ्ठी वाचू नकोस, रक्तच बघ. लहान बहिणीने कान धरावा इतका लोभ ठेव.

तुझा,
दादा