समोरच्याचा खांदा

पॅरिस, ६ फेब्रुवारी १९६७

प्रिय अन्सेल्म,

लिओंची थंडी तुझ्या गुडघ्यांना मानवते का? तीन वर्षांनी लिहितेय, तेव्हा आधी खुशाली विचारते.

माझी चित्रं बरी चालली आहेत. तेच आपलं, कॅनव्हासचे दोन भाग, एकात जे असेल त्याच्या उलट दुसऱ्यात. ब्राझीलच्या त्या गावात आपण तिघांनी पाहिलेलं अजून सुटत नाही. गाव मधोमध दोन भागांत वाटलेलं. सोयरीक समोरच्या भागाशी, भांडणही त्यांच्याशीच. माझ्या नवऱ्याने, एवारिस्तने, त्यावर ग्रंथ लिहिला आणि तू भर सभेत त्याला म्हणालास, "आकृती तेवढी उचलून आणलीस, माणसं तिथंच विसरलास!" हल्ली कॅफेतली पोरंसुद्धा कॉफी ढवळत जगातल्या प्रत्येक गोष्टीची उलट जोडी लावतात. तू त्यांची सालटी काढली असतीस.

एवारिस्त चिडला होता खरा. पण प्रत्येक लेख संपला की म्हणायचा, "यावर तो गाढव काय म्हणेल गं?"

"विचार की त्यालाच."

असं मी म्हटलं, की पुढचा कागद ओढायचा. एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं, असे तुम्ही दोघं.

जानेवारीत तो इस्पितळात होता. तुला कळवते म्हटलं, तर म्हणाला, "बरा झालो की मीच जातो लिओंला."

इस्पितळात त्याला ब्राझीलच्या गावातलं ते मरण सारखं आठवायचं. घरच्यांनी फक्त रडायचं. मेलेल्याला सजवायचं, पोचवायचं, ते समोरच्या भागाने. तू विचारलं होतंस, "ज्यांच्याशी जन्मभर भांडलात, त्यांनी?" तेव्हा मेलेल्याच्या घरची म्हातारी तुझ्यावर खेकसली होती, "मग कुणी? आमचे डोळे भरलेले. आम्हाला वाट दिसेल का?"

काल सकाळी एवारिस्त गेला, अन्सेल्म. हे लिहायचं टाळत इथवर आले.

शवपेटी उचलायला त्याचे भाऊ आहेत. पुढचा एक कोपरा मी रिकामा ठेवायला सांगितलाय. "कुणासाठी?" थोरल्या दिरांनी विचारलं. समोरच्यासाठी, म्हटलं. त्यांना वाटलं, मला भ्रम झालाय. पण एवारिस्त शेवटी हेच बोलला, "आपल्या बाजूचे पुष्कळ आहेत गं. समोरचा एकच होता. त्याला बोलाव."

शनिवारी सकाळी दहाला, मोंपार्नासच्या दफनभूमीत. राग गेला नसेल तर घेऊनच ये. मी फक्त रडणार आहे, माझ्याने दुसरं काही होणार नाही. त्याला पोचवायचं काम तुझं.

तुझा कोपरा राखून,
सोलांज