मुलीचा टॅब आणि माझा अंगठा

३ ऑगस्ट
मुलगी सातवीत. शाळेनं तिला टॅब दिला. सगळा अभ्यास म्हणे त्याच्यावरच. म्हणून घरात नेट घ्यावं लागलं. आजवर मी त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. नियम जाहीर केला : रोज एक तास, फक्त अभ्यास. मी स्वतः हात लावणार नाही. बायको म्हणाली, बघू.

५ ऑगस्ट, संध्याकाळ
नवीन बूट चावला. उजव्या अंगठ्याला फोड. बुटांच्या दुकानात वीस वर्षं लोकांच्या पायांची मापं घेतोय. गिऱ्हाइकांना कळता कामा नये.
डॉक्टरांनी बजावलंय, तुम्हाला शुगर आहे, पायाला खरचटलं तरी या. डॉक्टरांना निमित्तच हवं असतं. टॅबवर दोन मिनिटं माहिती बघितली. जेवण गार झालं.

९ ऑगस्ट
ज्ञानात भर. टॅबवर एक दाढीवाला सद्गृहस्थ फार सोपं करून सांगतो. गोळ्यांनी शरीर आळशी होतं. शुगरची गोळी अर्धी केली.
मुलगी म्हणाली, बाबा, शाळेत शिकवलंय, सांगणारा काय विकतो ते आधी बघायचं. हा पावडर विकतो. मी म्हटलं, बापाला शिकवू नकोस. अभ्यास कर. ती म्हणाली, टॅब द्या मग. म्हटलं, पाच मिनिटं थांब.

१४ ऑगस्ट
बायको म्हणते, खोलीत वास येतो. चामड्याचा, म्हटलं. दुकानात दिवस काढणाऱ्याला येणारच. ती माझे मोजे वेगळ्या बादलीत टाकते हल्ली.
गोळी पूर्ण बंद.

१८ ऑगस्ट
अंगठा अजिबात दुखत नाही. टाचणी टोचून बघितली, तरी नाही. उपचार लागू पडला. रंग जरा काळपट. जुनं रक्त बाहेर पडत असणार.

२१ ऑगस्ट, दुपार
शाळेत बोलावणं. वर्गशिक्षिकेनं कागद पुढे केला : टॅब रोज साडेपाच तास चालू. मुलीला माझ्यासमोर रागावल्या. मुलगी खाली मान घालून उभी. मला बोलायचं होतं, पण शिक्षक बोलत असताना मध्ये तोंड घालू नये. शेवटी संयमावर चार शब्द मीच सांगितले. चांगले जमले. बाईंनी टॅब काढून घेतला. मी सही केली.
वाटेत मुलगी हळू चालत होती. माझ्यासाठी, हे नंतर लक्षात आलं.

२३ ऑगस्ट
ताप. बघायला टॅब नाही. बायकोनं रिक्षा आणली. जावं लागलं.

२४ ऑगस्ट, हॉस्पिटल
अंगठा काढावा लागेल. सडणं वेळेत थांबलं तर अंगठ्यावरच भागेल, असं डॉक्टर म्हणाले. मोजा काढताना नर्सनं तोंड फिरवलं.
संध्याकाळी बायकोच्या फोनवरून बाईंना फोन केला. मन घट्ट करून सांगितलं : टॅब मी वापरत होतो, मुलीचा दोष नाही.
बाई म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुम्ही शाळेत आलात त्याच्या आदल्या दिवशी तीच येऊन सांगून गेली होती. म्हणाली, मला रागवा, पण टॅब काढून घ्या. घरात तो आहे तोवर बाबा डॉक्टरकडे जायचे नाहीत."
मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.
मुलगी खाटेशेजारी वहीत गणितं सोडवत होती. मी पाण्याचा ग्लास उचलला. मान वर न करता म्हणाली, सकाळी ऑपरेशन आहे, नर्सना विचारल्याशिवाय पिऊ नका.
विचारलं.