बालिंतच्या पोटाबाबत खुलासा

मेदवेपताक,
रविवार, सकाळची प्रार्थना आटोपून

प्रिय इलोनाताईस,

तुझ्या गुडघ्यांना, तुझ्या मांजरीला आणि (अजून माझ्याशी बोलत असशील तर) तुलाही धाकट्या भावाचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुझ्या भावजयीचा, पिरोश्काचा खोकला गेला, अस्वल मात्र परत आलंय. आइस हॉकीच्या हॉलमागचा कचऱ्याचा डबा त्याने पुन्हा पालथा केला आणि आमचा सराव बुडाला. बालिंतचं पोट आता कसं आहे? बुडापेस्टला पोचेपर्यंत त्यांची बस दर गावात थांबवावी लागली असं ऐकलं, पण लोक वाढवून सांगतात. तू फोन उचलत नाहीस, म्हणून सविस्तर लिहितोय, नाहीतर तू पोराचंच खरं मानशील.

हा मोसम आम्हाला कसा गेला ते तुला माहीत नाही, कारण तू फक्त बालिंतच्या संघाचे निकाल बघतेस. बुडापेस्टला खेळायला आलो तर गॅलरीतली पोरं ओरडली, रोमानियन लोकांनो, घरी जा. पुढच्या आठवड्यात बुखारेस्टला गेलो, तिथले ओरडले, हंगेरियन लोकांनो, घरी जा. आमचा गोलरक्षक वेइक्को फिनलंडचा. मोसमभर तो एक अक्षर बोलला नव्हता, पण त्यानेसुद्धा खुणा करून विचारलं की आपलं घर नेमकं आहे कुठे. मी म्हटलं, आम्ही सेकेय लोक, राहतो रोमानियात आणि बोलतो हंगेरियन, त्यात तू पडू नकोस, तू चकती अडव. तीही त्याला फारशी अडवता आली नाही, आणि शेवटच्या सामन्याआधी आम्ही तळाला होतो. महापौरांनी बजावलं होतं की तळाला राहिलात तर पुढच्या हिवाळ्यात बर्फ नाही, हॉल सोफासेटवाल्याला भाड्याने. ताई, बाबा कडाक्याच्या थंडीत बादल्या ओतून आपल्यासाठी जिथे बर्फ करायचे, त्याच जागेवर हा हॉल उभा आहे. तिथे सोफे! मला घास गिळवेना. (पिरोश्का म्हणेल गिळवत होता, तिचं ऐकू नकोस.) आणि शेवटचा सामना कोणाशी, तर लीगमध्ये पहिल्या नंबरावर असलेल्या तुझ्या लेकाच्या संघाशी.

आता वेळेचं. वेळ कळवायचं काम यजमान संघाच्या चिटणिसाचं, म्हणजे माझं. सामना इथल्या सातला. तेव्हा तुमच्याकडे किती वाजतात ते पिरोश्काने बोटं मोजून सांगितलं, आणि पाहुण्यांचा घोळ होऊ नये म्हणून मी अगत्याने तुमच्या घड्याळाचे सहा कळवले. कुठल्या देशाचे सहा, हे लिहायचं राहिलं. ते त्यांनी इथले सहा धरले आणि आधीच लवकर येणारी माणसं आणखी तासभर लवकर आली. यात माझ्या चांगुलपणापलीकडे काही असेल तर दाखव.

नेमकं त्याच दिवशी हॉलमागे डुक्कर कापायचं निघालं, हाही योगायोगच. (दरवर्षी डिसेंबरात आपल्या अंगणात कापतो, यंदा फेब्रुवारीत आणि हॉलमागे का, असं बालिंत विचारेल. अंगणात अस्वल येतं.) हॉलचं दार बंद, बर्फ अजून ओला, पोरं थंडीत कुडकुडतायत आणि समोर कढई उकळतेय. कापलेल्या डुकरापासून पाहुणा उपाशी परत गेला, असं आपल्या घराण्यात कधी झालंय का? आधी नुसतं सूप दिलं. मग चवीपुरतं रक्ताचं सॉसेज, मग कोबीच्या पानात भरलेला डुकराचा खिमा, वर आंबट साय. त्यांचे प्रशिक्षक नको नको म्हणत होते, पण पिरोश्काचा चेहरा पडला तेव्हा बिचाऱ्यांनी ताट पुढे केलं आणि मग तेच मागून घ्यायला लागले. बालिंत म्हणाला, "मामा, पुरे." मी म्हटलं, "मामाच्या दारात पुरे म्हणतोस? मग तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?" आमची पोरं या वेळी आत चहा आणि कोरडा पाव खात होती. दाराला बाहेरून कुलूप होतं (अस्वलामुळे).

सामना काही बघण्यासारखा झाला नाही. तुमची मंडळी लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखी खेळत होती. तरी आमचा एकच गोल झाला, त्यांचा एकही नाही. अगदी शेवटी बालिंत चकती घेऊन एकटा सुटला, पुढे फक्त वेइक्को. मी डोळे मिटले तर सोफे दिसायला लागले. उघडले तेव्हा बालिंत पोट धरून बर्फावर बसला होता, आणि चकती आपली आपण घसरत वेइक्कोच्या पायाशी येऊन थांबली. वेइक्कोने त्याला हात देऊन उठवलं आणि मोसमातलं पहिलं वाक्य बोलला, "कोबी उरलीय का?" बालिंत मला एवढंच म्हणाला, "मामा, मी आईला सगळं सांगणार आहे."

आम्ही तळातून वर आलो, ताई. हॉल वाचला. सगळे गेल्यावर मी बूट घालून एकटाच बर्फावर एक चक्कर मारली आणि रडलो. कमरेवर पडलोसुद्धा, पण ते नंतर.

तुझा सॉसेजचा वाटा यंदा वेगळा पाठवत नाही, तो बालिंतबरोबर रवाना झाला होता. वाटेत थोडा सांडला असं ऐकतो.

तुझा भोळा भाऊ,
देनेश

ता. क. लीगने माझी चौकशी लावलीय. मी मुद्दाम पाहुण्यांना लवकर बोलावून खायला घातलं, असा आरोप आहे. निकाल विरुद्ध गेला तर आमचे गुण कापतील आणि सोफे येतील. तेव्हा बाबांच्या बर्फासाठी एवढं कर. लीगचं कार्यालय तुमच्याच गल्लीपलीकडे आहे, तिथे जाऊन सांग, की आमच्या देनेशला दोन देशांच्या घड्याळांतला फरक जन्मात कळलेला नाही. तुझ्या लग्नाला मी तासभर आधी येऊन चर्चबाहेर पावसात उभा होतो, तेही सांग.

ता. क. २. त्यांनी साक्षीला मंगळवारी बाराला बोलावलंय, म्हणजे तिथले बारा, इथला एक. तू तिथल्या अकरालाच जा, तेव्हा इथे बारा वाजलेले असतील आणि मी फोनपाशी असेन. घोळ करू नकोस.