बावीस मिनिटांची टाकी

अहो,

नाव घेऊन कधी हाक मारली नाही, आता तुम्ही जाऊन दोन वर्षं झाल्यावर पत्रात तरी कशी मारू? 'अहो'वरच भागवून घ्या. आज लिहायला बसले, कारण तुमची टाकी गेली. न्हाणीघरावरच्या माळ्यात तुम्ही स्वतःच्या हातानं बनवून बसवलेली, पाणी तापवायची टाकी. सकाळी यासीन वेल्डरनं तिचे चार तुकडे करून बाहेर काढले, आणि दुपारी तिच्या जागी बाजारचा गिझर बसला. हो, तोच, ज्याला तुम्ही जन्मभर 'पांढरा डबा' म्हणालात. रागवा हवं तर! पण आधी ऐकून घ्या, कारण मलाही तुमच्यावर रागवायचंय.

खर्च ऐकाल तर उठून बसाल. गिझर साडेचार हजारांचा, आणि माळ्याची भिंत फोडून तुमची टाकी बाहेर काढायला, नळ-वायरिंग नव्यानं करायला सात हजार! का? तर तुम्ही आधी टाकी माळ्यात चढवलीत आणि मग तिच्यापुढे भिंत बांधलीत. ओझरच्या कारखान्यात विमानाचे पत्रे जोडणारा माणूस, केसाएवढी चूक खपवून न घेणारा, आणि घरी माळ्याला टाकीपेक्षा वीतभर लहान दार ठेवतो! ब्याण्णव सालीच विचारलं होतं मी, "उद्या काढायची वेळ आली तर?"

"काढायची वेळच येणार नाही. मी केलीय ती." झालं! पुढं बोलायची सोयच नाही.

पाणी तापलं की आपोआप बंद होणारं यंत्र बसवा म्हटलं, तर "ते बिघडतं. मी आहे ना!" बटणही न्हाणीघरात नाही, बाहेरच्या खोलीत तुमच्या कॉटशेजारी, कुणाचा ओला हात लागू नये म्हणून. बावीस मिनिटं, घड्याळ लावून. बटण चालू करणार तुम्ही, बंद करणार तुम्ही. स्वतःच्या घरात मी विचारल्याशिवाय अंघोळ केली नाही हो कधी! तुमची फर्स्ट शिफ्ट असली की आमची अंघोळ गार पाण्यानं. नाशिकच्या जानेवारीत गार पाणी म्हणजे काय, ते तुम्हाला कधी कळलंच नाही. मीही सांगितलं नाही, तेवढं माझं चुकलं.

तुम्ही गेलात आणि बटण माझ्या गळ्यात आलं. रोज सकाळी तुमच्या कॉटवर बसायचं आणि घड्याळाकडं बघायचं. फोन वाजला तरी उठायचं नाही, दार वाजलं तरी नाही. बाजाराला निघाले की फाटकातून तीनदा परत येऊन बटण बघायचं. तुम्ही सुटलात, आणि मला बांधून ठेवलंत.

अवी दर रविवारी पुण्याहून फोन करतो. "आई, घर भाड्यानं दे आणि इकडं ये कायमची." महिनाभर राहून आले की मी त्याच्याकडं! तिसरा मजला. दोघं नोकरीला गेली की दार बंद. सोफ्यावर बसायचं आणि लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबते का ते ऐकायचं. सूनबाई गुणाची आहे, कप उचलू देत नाही. तेच तर दुखणं! तिथं जीव गुदमरायचा. त्यापेक्षा तुमचं बटण परवडलं म्हणून परत आले.

आता सांगते ते अवीला माहीत नाही.

मागच्या मंगळवारी बटण चालू केलं आणि फाटकाशी मेथीवाली आली. जुडी निवडतेय तोवर शेजारच्या कुंदाताई मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. कुठलं कार्यालय, किती पानं उठणार, मानपान काय... तासभर तरी गेला असेल. मग घरातून धाडकन आवाज आला. धावत जाऊन बघते तर माळ्यातून उकळतं पाणी खाली ओतत होतं, घरभर वाफ. मी तेव्हा आत अंघोळ करत असते तर? आधी जाऊन बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी अवी आला. छताकडं बघितलं आणि पहिला प्रश्न, "आई, बटण विसरलीस का?"

"छे! टाकीच जुनी झाली होती."

किती सहज खोटं बोलले हो! आपला मुलगा, आणि त्याच्या डोळ्यांत बघून! तो म्हणाला, "दुरुस्तीचे पैसे मी देतो, पण मग तू चल माझ्याबरोबर." मी म्हटलं, माझं घर, माझं न्हाणीघर, पैसे मीच देणार. तुमच्या मागं मिळालेल्या पैशांतली एक ठेव मोडली. तेव्हापासून फोन वाजला की आधी उत्तर जुळवते, मग उचलते. विसरले हे त्याला कळलं की माझी बॅग भरलीच म्हणून समजा.

आणि आज यासीननं टाकी कापली. शेवटचा तुकडा हातात धरून बराच वेळ बघत उभा राहिला.

"काकू, ही वेल्डिंगची शिवण दोनदा मारलेली हे."

"म्हणजे?"

"पहिली बघा, एकदम सरळ. ही तिच्यावरून नंतर मारलीय, घाईघाईत. टाकी आधी पण एकदा फाटली होती. हात काकांचाच हे." मग म्हणाला, "ते रिटायर झाल्यावर दोन दिवस आमच्या दुकानातून वेल्डिंगचा सेट घेऊन गेले होते. मला बोलले, फाटकाचं काम हे."

फाटकाचं काम कधी झालं आपल्याकडं? मला एकदम सगळं आठवलं. नव्व्याण्णव साल, म्हणजे चार वर्षांमागं. "जा गं, बहिणीकडं पिंपळगावला राहून ये दोन दिवस," असं तुम्ही आपणहून म्हणालात, उभ्या जन्मात एकदाच! परत आले तर न्हाणीघराला नवा रंग. सगळ्या गल्लीत कौतुक सांगत फिरले मी! तुमच्या हाताला भाजलं होतं, तर म्हणे चहा सांडला. आणि त्याच आठवड्यात तुम्ही गजराचं घड्याळ आणलंत.

म्हणजे तुम्हीही विसरला होतात!

आधी हसू आलं. यासीनसमोरच हसत सुटले, तो घाबरला बिचारा. मग असा संताप आला! मरेपर्यंत मनात ठेवलंत? कुणाची भीती होती, माझी? फार तर आठवडाभर चिडवलं असतं. तेव्हाच टाकी निघाली असती, आणि मी चार वर्षं सुखानं अंघोळ केली असती. पण मग रडूच आलं. 'आता याला झेपत नाही' असं कुणी म्हणेल, हीच ना तुमची भीती? गेल्या मंगळवारपासून मला तिची चांगली ओळख झालीय.

संध्याकाळी नव्या गिझरवर अंघोळ केली. लाल दिवा आपला आपण विझला. तरी सवयीनं आतून ओरडले, "बंद करा हो!" उत्तर यायची वाट बघत तांब्या हातात धरून तशीच बसून राहिले. पाणी छान कढत होतं. वाईट वाटलं, खरंच वाटलं.

तर शब्द देते. रविवारी अवीचा फोन आला की सांगणार, मी विसरले होते. आणि हेही सांगणार की मी इथून हलणार नाही. चिडेल, न्यायला येईल, येऊ दे. तुमचं सांगितलं तर त्याचं तोंड गप्प होईल, ते कळतं मला. "तुझे बाबाही विसरले होते, त्यांना कुठं नेलंस तू?" एवढं म्हटलं की झालं! पण ते म्हणणार नाही. त्याच्या लेखी त्याचे बाबा कधी चुकले नाहीत. यासीनलाही शपथ घातलीय.

उद्या गवंडी येऊन माळ्याची भिंत पुन्हा बांधणार आहे. त्याला दार मोठं ठेवायला सांगितलंय.

तुमची,
मालती